ग्लिबसीमधला बग दुरुस्त करायचाय? आधी काय, मग काय आणि हमखास कुठे चुकतं

सांगली-कराडकडच्या कॉलेजांमधली बरीच मुलंमुली आता स्टँडर्ड सी लायब्ररीत, म्हणजे मुख्यतः लिनक्सवरच्या ग्लिबसीत (ग्नू सी लायब्ररी), हात घालू लागली आहेत. त्यांचे पॅच (कोडमधले बदल) वाचायला मिळतात तेव्हा एक गोष्ट वारंवार दिसते. कोड बहुतेक वेळा बरा असतो, क्रम मात्र उलटा असतो. दुरुस्ती आधी लिहिली जाते, टेस्ट मागाहून चिकटवली जाते, आणि हा खरंच लायब्ररीचा बग होता का, हा प्रश्न सगळ्यात शेवटी पडतो. कधी कधी तो पडतही नाही. म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. एक टप्पा पुरा झाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका.

आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीसारखी रोमन अक्षरांतच टाइप करायची.

## टप्पा १ : बग नक्की कुणाचा, ते ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत्यासाठी कुणी बिलाचा प्रोग्राम लिहिला आहे असं समजा. मालाचं नाव वीस जागांच्या रकान्यात डावीकडून छापायचं, पुढे दर. नाव रोमन अक्षरांत असलं की रकाना सरळ येतो. ‘हळद’ आणि ‘बेदाणे’ लिहिलं की दर वेडेवाकडे सरकतात. लगेच निष्कर्ष निघतो : प्रिंटएफला (छापणाऱ्या फंक्शनला) मराठी येत नाही, बग आहे.

हा बग नाही. प्रिंटएफमध्ये ‘टक्का एस’ला दिलेली रुंदी बाइटमध्ये मोजली जाते, आणि सी भाषेचं मानक तेच सांगतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. ‘हळद’चे झाले ९ बाइट, म्हणून पुढे ११ रिकाम्या जागा पडतात. ‘बेदाणे’मध्ये मात्रा आणि काने धरून सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट, म्हणून जागा उरतात फक्त २. डोळ्यांना दोन्ही शब्द तीन अक्षरांचे दिसतात, लायब्ररीच्या लेखी एक दुसऱ्याच्या दुप्पट. दुरुस्ती प्रोग्राममध्ये व्हायला हवी : आधी पडद्यावरची रुंदी मोजायची, मग रिकाम्या जागा आपण स्वतः भरायच्या. प्रिंटएफ बदलून हे ‘सुधारलं’, तर बाइटच्या हिशोबावर चालणारे असंख्य जुने प्रोग्राम मोडतील.

उलट बाजूही लक्षात ठेवा. चूक प्रोग्रामची असली तरी लायब्ररीला पूर्ण हात झटकता येत नाहीत. २०१० मध्ये ६४-बिट इंटेल प्रोसेसरसाठी ग्लिबसीच्या मेमकॉपीची, म्हणजे मेमरीचा तुकडा दुसरीकडे नकलणाऱ्या फंक्शनची, नवी, वेगवान आवृत्ती आली. ती काही वेळा शेवटाकडून सुरुवातीकडे नक्कल करायची. मानकानुसार ते चालतं, कारण मेमकॉपीला एकमेकांवर चढलेले तुकडे द्यायचेच नसतात. पण फ्लॅश प्लेयर नेमकं तेच करत होता, आणि फेडोरा १४ वर त्याचा आवाज फाटू लागला. तोडगा असा निघाला : आवृत्ती २.१४ पासून मेमकॉपीला नवं सिंबॉल-व्हर्जन (लायब्ररीतल्या नावाला जोडलेला आवृत्तीचा शिक्का) मिळालं, आणि जुन्या व्हर्जनवर बांधलेल्या प्रोग्रामांना मेममूव्हसारखं, म्हणजे एकमेकांवर चढलेले तुकडेही नीट हलवणारं, सुरक्षित वर्तन मिळत राहिलं. मानक काय म्हणतं आणि आधीच बांधलेले प्रोग्राम कशावर विसंबून आहेत, हे दोन्ही प्रश्न विचारावेच लागतात.

वाचायचं काय? सी मानक, पॉझिक्स (युनिक्ससारख्या प्रणालींचं मानक) आणि ग्लिबसीची स्वतःची मॅन्युअल. लिनक्सची मॅन-पेजेस उपयोगी आहेत, पण तो वेगळा प्रकल्प आहे. वादाच्या वेळी त्यांचा शब्द अंतिम धरू नका.

मग बगझिलात, म्हणजे ग्लिबसीच्या बग-नोंदवहीत, शोधा. लॅबमधल्या मशीनवरची ग्लिबसी बऱ्याचदा काही वर्षं जुनी असते (‘एलडीडी’ला व्हर्जनचा पर्याय दिला की आकडा कळतो). तिच्यावर दिसणारा बग मुख्य शाखेत (जिथे ताजा कोड असतो) कधीच मिटलेला असू शकतो.

तपासा : ‘अमुक मानकाच्या अमुक कलमानुसार हे व्हायला हवं, मुख्य शाखेत आज त्याऐवजी हे होतं’ असं वाक्य लिहून बघा. लिहिता येत नसेल तर टप्पा २ कडे जाऊ नका.

सावधान : बाहेरून आलेल्या मजकुरामुळे बफरच्या हद्दीबाहेर लिहिलं जात असेल, किंवा वाढीव हक्कांनी चालणाऱ्या प्रोग्रामवर परिणाम होत असेल, तर तपशील जाहीर करण्याआधी सोर्समधली ‘सिक्युरिटी डॉट एमडी’ फाइल वाचा आणि तिथल्या पद्धतीने कळवा. मित्रांच्या ग्रुपवर कोड टाकून ‘तुमच्याकडे पण क्रॅश होतंय का’ असं विचारू नका.

## टप्पा २ : मशीन तयार करा आणि आधीची स्थिती नोंदवून ठेवा

जीसीसी, बिनयुटिल्स, मेक, बायसन, गॉक, पायथन ३, गेटटेक्स्ट आणि टेक्सइन्फो लागतात. गिटने सोर्स उतरवा, आणि बिल्डसाठी सोर्सच्या बाहेर वेगळी डिरेक्टरी करा. सोर्सच्या आतच कॉन्फिगर चालवलं तर ते नकार देतं, आणि ते बरंच आहे.

कॉन्फिगरला प्रीफिक्स (लायब्ररी कुठे बसवायची ती जागा) म्हणून ‘स्लॅश यूएसआर’ द्या. हा पर्याय दिला नाही तर लिनक्सवर कॉन्फिगर थांबतं आणि सांगतं की ‘यूएसआर-लोकल’मध्ये ही लायब्ररी टाकलीत तर मशीन निकामी होऊ शकतं. प्रीफिक्स दिला म्हणजे इन्स्टॉल केलं असं होत नाही. इन्स्टॉल आपण करणारच नाही आहोत.

डीबगिंग सोपं जावं म्हणून बरेच जण ऑप्टिमायझेशन पूर्ण बंद करतात. ग्लिबसी तशी बांधताच येत नाही. पहिल्या काही फाइलींतच एरर येते. नेहमीचं ‘ओ-टू’ आणि सोबत डीबग-माहितीचा ‘जी’ पर्याय ठेवा.

जुन्या मशीनसाठी दोन सूचना. मेमरी कमी असेल तर मेकला एकावेळी दोन-तीनच कामं द्या. आणि टेस्ट वेळेअभावी पडत असतील तर ‘टाइमआउटफॅक्टर’ हा पर्यावरण-चल मोठा करा. त्या पटीत प्रत्येक टेस्टला जास्त वेळ मिळतो. मंद मशीनवरचं ‘टाइम्ड आउट’ आपल्या कोडमुळे आलं असं समजून दिवस घालवलेली मुलं मला माहीत आहेत.

बिल्ड चालू असताना लाइट गेली तर? मेक पुढे चालू होतं खरं, पण अर्धवट लिहिलेल्या ऑब्जेक्ट फाइली मागे राहू शकतात, आणि मेकच्या दृष्टीने त्या ताज्या असतात. नंतर येणाऱ्या विचित्र लिंक-एररचा माग काढत बसण्यापेक्षा बिल्ड-डिरेक्टरी पुसून नव्याने बांधा.

आता एकही ओळ न बदलता ‘मेक चेक’ चालवा, म्हणजे ग्लिबसीच्या सगळ्या टेस्ट चालतील. साध्या लॅपटॉपवर हे काम बराच वेळ खातं. रात्री लावून ठेवा. बिल्ड-डिरेक्टरीत ‘टेस्ट्स डॉट सम’ फाइल तयार होईल, तिची प्रत वेगळ्या नावाने जपा. काही टेस्ट तुमच्या मशीनच्या वातावरणामुळे आधीपासूनच पडत असतील. ही प्रत नसेल तर नंतर पडलेली टेस्ट तुमच्यामुळे पडली की आधीपासून पडत होती, हे सांगता येणार नाही.

## टप्पा ३ : नवी लायब्ररी इन्स्टॉल न करता वापरायला शिका

ही पायरी चुकली की मशीनच जातं. ‘मेक इन्स्टॉल’ रूटमध्ये चालवू नका. शेल, एलएस, सुडो, लॉगिन, सगळे याच लायब्ररीवर उभे आहेत. ती मध्येच बिघडली तर दुरुस्त करायला लागणारी आज्ञाही चालत नाही, आणि पेन-ड्राइव्हवरून बूट करून डिस्ट्रिब्युशनचं मूळ पॅकेज परत टाकावं लागतं. सामायिक लॅबमध्ये तर हा विचारही नको.

दुसरी चूक जास्त फसवी आहे : ‘एलडी-लायब्ररी-पाथ’मध्ये बिल्ड-डिरेक्टरी देऊन प्रोग्राम चालवणं. लिबसी (लायब्ररीची मुख्य फाइल) आणि डायनॅमिक लोडर (प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी जोडणारा) ही एकाच बिल्डची जोडी असते. लोडरचा पत्ता प्रोग्रामच्या आत कोरलेला असतो; त्या पर्यावरण-चलाने लिबसी बदलते, लोडर जुनाच राहतो. नवी लिबसी आणि जुना लोडर एकत्र आले की प्रोग्राम सुरू होतानाच कोसळतो. मग ‘माझ्या पॅचने क्रॅश होतंय’ असं वाटून बरोबर असलेला कोड बदलला जातो.

बरोबर मार्ग : बिल्ड-डिरेक्टरीत तयार होणारी ‘टेस्टरन डॉट एसएच’ स्क्रिप्ट. ती नव्या लोडरमार्फत, नव्या लायब्ररीसह प्रोग्राम चालवते. डीबगरसाठी तिथेच ‘डीबगग्लिबसी डॉट एसएच’ असते.

तपासा : छोट्या प्रोग्राममधून ‘ग्नू-गेट-लिबसी-व्हर्जन’ हे फंक्शन बोलावून उत्तर छापा, एकदा थेट आणि एकदा टेस्टरनमधून. दोन्हीकडे मशीनचाच जुना आकडा आला तर तुम्ही अजून स्वतःची लायब्ररी तपासतच नाही आहात.

## टप्पा ४ : पडणारी टेस्ट आधी लिहा

बग दाखवणारा छोटा प्रोग्राम आता ग्लिबसीच्या चौकटीत बसवा. फाइलचं नाव ‘टीएसटी-’ने सुरू करा, संबंधित उपडिरेक्टरीत ठेवा, तिथल्या मेकफाइलमधल्या टेस्टच्या यादीत वर्णानुक्रमे घाला. मुख्य फंक्शन ‘डू-टेस्ट’. तपासणीसाठी ‘टेस्ट-कंपेअर’ आणि ‘टेस्ट-व्हेरिफाय’ हे मॅक्रो. शेवटी सपोर्ट डिरेक्टरीतली ‘टेस्ट-ड्रायव्हर डॉट सी’ इन्क्लूड करायची. एकच टेस्ट चालवायला ‘मेक टेस्ट’ला ‘टी’ चलातून तिचं नाव द्या. अख्खं मेक चेक दरवेळी नको.

दुरुस्तीआधी ती टेस्ट पडलीच पाहिजे. पास झाली तर तुम्ही बग पकडलेलाच नाही.

टेस्ट तुमच्या खोलीतल्या मशीनवर अवलंबून नसावी. आपल्याकडची मशीनं भारतीय वेळेवर लावलेली असतात, त्यामुळे वेळेची टेस्ट इथे पास होते आणि दुसऱ्या देशातल्या परीक्षकाकडे पडते. ‘टीझेड’ (कोणत्या भागाची वेळ, ते सांगणारं पर्यावरण-चल) टेस्टमध्येच ठरवून द्या. आणि पॉझिक्सच्या पद्धतीत चिन्ह उलटं असतं हे विसरू नका : भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, पण लिहायची ‘आयएसटी उणे ५:३०’. इथे अधिक लिहिलं की ११ तासांचा फरक पडतो. लोकॅलचंही, म्हणजे भाषा आणि प्रदेशाच्या सेटिंगचंही, तसंच. ‘एमआर-इन’ हे मराठी लोकॅल ग्लिबसीच्या सोर्समध्ये आहे, पण टेस्टसाठी ते हवं असेल तर मेकफाइलमधल्या लोकॅलच्या यादीत तसं सांगावं लागतं. मशीनवर आधीपासून आहे म्हणून गृहीत धरू नका.

स्ट्रिंग-फंक्शनच्या टेस्टसाठी हद्दीची काळजी घ्या. ग्लिबसीच्या स्वतःच्या स्ट्रिंग-टेस्टमध्ये बफर मेमरी-पानाच्या (मेमरीच्या ठराविक आकाराच्या तुकड्याच्या) अगदी टोकाला ठेवतात आणि पुढचं पान वाचायलाही बंद करतात. एक बाइट जरी पलीकडे गेला तरी प्रोग्राम तिथेच मरतो. साध्या मॅलॉकच्या बफरवर असा बग वर्षानुवर्षं लपून राहू शकतो.

याच्याच उलट एक गैरसमज आहे. स्ट्रलेन स्ट्रिंगच्या शेवटापलीकडचे काही बाइट वाचतं, हे कुणाला तरी डीबगरमध्ये दिसतं आणि बग म्हणून नोंदवलं जातं. ते जाणूनबुजून आहे. वेगासाठी एकावेळी १६ किंवा ३२ बाइटचा संरेखित (ज्याचा पत्ता त्याच्या आकाराच्या पटीत असतो असा) तुकडा उचलला जातो, आणि संरेखित तुकडा पानाची सीमा कधीच ओलांडत नाही, म्हणून ते सुरक्षित आहे. पान ओलांडलं जात असेल तरच तक्रार करा.

## टप्पा ५ : खरोखर चालणारी फाइल शोधा

‘मी स्ट्रिंग डिरेक्टरीतली मेमकॉपी डॉट सी बदलली, पण काहीच फरक पडत नाही.’ ही तक्रार सगळ्यात जास्त वेळा येते. ती फाइल सर्वसाधारण आवृत्ती आहे. ‘सिसडेप्स’मध्ये प्रोसेसर आणि कर्नलनुसार वेगळ्या फाइली असतात, आणि जास्त विशिष्ट फाइल सापडली की सर्वसाधारण फाइल बाजूला पडते. ६४-बिट इंटेलवर तर एका फंक्शनच्या अनेक आवृत्त्या ‘मल्टिआर्च’मध्ये असतात, प्रोसेसरच्या वेगवेगळ्या सूचना-संचांसाठी : एसएसई-२, एव्हीएक्स-२, ईव्हेक्स. त्यातली कोणती वापरायची ते प्रोसेसर पाहून प्रोग्राम सुरू होताना ठरतं.

याचा थेट परिणाम म्हणजे बग तुमच्या नव्या लॅपटॉपवर दिसतो आणि लॅबच्या जुन्या डेस्कटॉपवर दिसत नाही, किंवा उलट. ‘ग्लिबसी-ट्यूनेबल्स’ या पर्यावरण-चलातून प्रोसेसरची क्षमता एकेक करून बंद करा आणि टेस्ट पुन्हा चालवा. कोणती आवृत्ती दोषी आहे ते कळेल. ट्यूनेबलची यादी लोडर स्वतः छापून देतो.

तपासा : संशयित फाइलमध्ये मुद्दाम व्याकरणाची चूक घाला आणि मेक चालवा. कंपायलर ओरडला नाही तर ती फाइल तुमच्या बिल्डमध्ये नाहीच.

## टप्पा ६ : आता दुरुस्ती

छोटी ठेवा. आजूबाजूची मांडणी सरळ करणं, चलांची नावं बदलणं, यातलं काहीही या पॅचमध्ये नको.

लायब्ररीतल्या चुका बहुधा एरर आल्यावरच्या वाटेवर असतात. समजा एखादं फंक्शन फाइल उघडतं, मग मेमरी मागतं, ती मिळत नाही आणि ते तसंच परत जातं. फाइल उघडीच राहते. सुचणारी दुरुस्ती : परतण्याआधी क्लोज बोलवा. पण क्लोज स्वतः ‘एररनो’ (शेवटच्या चुकीचं कारण ठेवणारं चल) बदलू शकतं, आणि मग बोलावणाऱ्याला मेमरी संपल्याचं कारण कळतच नाही. आधी एररनो जपायचा, मग क्लोज, मग जपलेला परत ठेवायचा. टेस्टमध्येही दोन्ही तपासा. उघड्या राहिलेल्या फाइली पकडायची सोय सपोर्ट डिरेक्टरीत आहे.

आणखी काही गोष्टी लायब्ररीच्या बाहेर कुणी शिकवत नाही. लिबसीच्या आतून दुसरं फंक्शन बोलावताना बहुतेकदा दोन अधोरेखांनी सुरू होणारं अंतर्गत नाव वापरायचं, कारण सी मानकाने राखून न ठेवलेल्या नावाचं फंक्शन वापरणाऱ्याने स्वतः लिहिलेलं असू शकतं आणि ते त्याला लिहिता आलं पाहिजे. सार्वजनिक स्ट्रक्चरचा आकार बदलायचा नाही. जुने प्रोग्राम जुना आकार धरून बांधलेले आहेत. अज्ञात लांबीच्या मजकुरासाठी स्टॅकवर जागा घ्यायची नाही.

दुरुस्तीने कोणत्या नव्या वाटा उघडल्या, हेही बघा. २०२१ मध्ये एमक्यू-नोटिफाय (संदेश-रांगेत संदेश आल्याचं कळवण्याची सोय करणारं फंक्शन) मधला मोकळ्या केलेल्या मेमरीला हात लावण्याचा दोष दुरुस्त झाला; सुरक्षा-दोषांच्या जाहीर यादीतला त्याचा क्रमांक सीव्हीई-२०२१-३३५७४. त्या दुरुस्तीतच एक वाट अशी राहिली की नल पॉइंटर वापरला जायचा, आणि तिला स्वतंत्र क्रमांक मिळाला : सीव्हीई-२०२१-३८६०४. तो कोड अनुभवी लोकांनी लिहिला आणि तपासला होता. म्हणून बदललेल्या प्रत्येक शाखेतून टेस्ट जाते का, ते हाताने तपासा.

## टप्पा ७ : पूर्ण तपासणी

पुन्हा पूर्ण मेक चेक, आणि नवी ‘टेस्ट्स डॉट सम’ जपलेल्या प्रतीशी ताडून पाहा. फरक फक्त एका ओळीचा हवा : तुमची टेस्ट, पास. ‘चेक-लोकलपीएलटी’ पडली तर तुम्ही आतून सार्वजनिक नाव बोलावलंय. सिंबॉलच्या यादीची तपासणी पडली तर नकळत नवं नाव बाहेर गेलंय. यादी बदलून टेस्ट पास करून घेऊ नका, कोड दुरुस्त करा.

३२-बिट बिल्डही करा. लाँगचा आकार आणि वेळेचा प्रकार तिथे वेगळा असतो. बाकी प्रोसेसरवर निदान कंपाइल होतं का, हे बघायला स्क्रिप्ट्स डिरेक्टरीत ‘बिल्ड-मेनी-ग्लिबसीज’ आहे. ती डिस्क भरपूर खाते, तेव्हा लहान बदलाला एक-दोन आर्किटेक्चर पुरेत.

## टप्पा ८ : पॅच पाठवा

एका पॅचमध्ये एक बदल, त्याच पॅचमध्ये त्याची टेस्ट. कमिटच्या पहिल्या ओळीत उपडिरेक्टरी, बदल आणि बगचा क्रमांक. खाली कारण लिहा; कोड काय करतो ते कोडमध्येच दिसतं. पॅच गिटनेच ईमेल करा. मेलच्या खिडकीत चिकटवला की टॅब मोडतात आणि तो लागत नाही.

ऑगस्ट २०२१ पासून एफएसएफला (फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला) कॉपीराइट लिहून देणं सक्तीचं नाही. ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ओळ चालते. पण त्या ओळीचा अर्थ हा कोड देण्याचा हक्क तुम्हाला आहे, असा होतो. दुसऱ्या लायब्ररीतून उचललेल्या ओळी तिच्याखाली दडवू नका.

उत्तर आलं नाही तर आठवडाभराने नम्रपणे आठवण करा. आवृत्त्या फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये निघतात, त्यामुळे जानेवारी आणि जुलैत बदल स्वीकारण्यावर मर्यादा येतात. सबमिशनची तारीख आणि ही वेळ एकत्र आली तर कॉलेजची तारीख हलवून घ्या.

## टप्पा ९ : जुन्या शाखांचा विचार

मुख्य शाखेत पॅच गेला म्हणजे लोकांपर्यंत पोचला असं नाही. २०१३ च्या मे महिन्यात ‘गेटहोस्टबायनेम’च्या (यंत्राच्या नावावरून नेटवर्क-पत्ता शोधणाऱ्या फंक्शनच्या) वाटेवरचा बफर ओलांडण्याचा दोष दुरुस्त झाला. तो सुरक्षेचा प्रश्न आहे हे तेव्हा कुणी ओळखलं नाही, म्हणून दीर्घकाळ चालणाऱ्या अनेक डिस्ट्रिब्युशननी तो बदल मागे, म्हणजे आपल्या जुन्या आवृत्त्यांत, नेला नाही. जानेवारी २०१५ मध्ये ‘घोस्ट’ नावाने तो जाहीर झाला तेव्हा दुरुस्ती होऊन दीड वर्ष उलटलेलं होतं, आणि सर्व्हर तसेच उघडे होते.

तेव्हा कमिट-संदेशात परिणाम स्पष्ट लिहा : कोणत्या इनपुटने, किती बाइट, कुठे. मागे न्यायचा असेल तर आधी मुख्य शाखा, मग रिलीज शाखेवर ‘एक्स’ पर्यायासह चेरी-पिक (गिटने तोच एक बदल दुसऱ्या शाखेत उचलणं), म्हणजे मूळ कमिटचा क्रमांक संदेशात राहतो. नवं सिंबॉल रिलीज शाखेत कधीच जात नाही. तुमच्या दुरुस्तीला ते लागत असेल तर जुन्या शाखेसाठी वेगळा मार्ग शोधावा लागेल. प्रत्येक शाखेवर टेस्ट नव्याने चालवा, कारण सपोर्टमधली काही साधनं जुन्या शाखांत नसतात. मग बगझिलात बग ‘फिक्स्ड’ करा, आणि ज्या आवृत्तीत दुरुस्ती येणार आहे ती टार्गेट माइलस्टोनच्या रकान्यात भरा. रिलीजच्या वेळी दुरुस्त झालेल्या बगची यादी तिथूनच काढली जाते.